जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची असेल तर आधी कागद, मग पत्रा, शेवटी इंजिन

जुनी स्पोर्ट्स कार बघायला गेलेला माणूस बहुधा सर्वांत आधी बॉनेट उघडायला सांगतो, इंजिन चालू करून आवाज ऐकतो आणि तो मनाला भावला की तिथेच सौदा पक्का करतो. हा क्रम उलटा आहे, आणि सातारा-सांगलीच्या माणसाच्या बाबतीत तर तो अधिकच उलटा आहे, कारण जुन्या गाडीतील जी गोष्ट आपल्या भागात सर्वांत सहज दुरुस्त होते ती म्हणजे इंजिन. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० साली उभा राहिला, साताऱ्यात कूपर यांचा इंजिनिअरिंगचा उद्योग १९२२ मध्ये सुरू झाला, आणि त्यानंतरच्या शंभर वर्षांत शेतीपंपांची इंजिने, ट्रॅक्टर, ट्रक आणि साखर कारखाने यांच्या गरजेतून सातारा, कराड, मिरज आणि कुपवाड या पट्ट्यात लेथ, बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगची कामे करणारी दुकाने उभी राहिली. झिजलेला सिलिंडर आतून कातून घेणे (रिबोअर), त्यावरचे झाकण म्हणजे हेड घासून सपाट करणे, नवी व्हॉल्व्ह गाइड बसवणे ही कामे येथे रोज होतात. गंजून पोकळ झालेला बॉडीचा पत्रा मात्र असा सहज पूर्ववत होत नाही, आणि ज्या गाडीचे कागद हरवले आहेत तिला कितीही पैसा ओतला तरी रस्त्यावर कायदेशीर स्थान मिळेलच असे नाही. म्हणून जुनी गाडी तपासताना आधी कागद, मग पत्रा आणि शेवटी इंजिन हा क्रम पाळावा, असे मी प्रत्येक इच्छुकाला आग्रहाने सांगतो.

आपल्याकडे कोणत्या गाड्या मिळू शकतात हे आधी स्पष्ट असावे. खऱ्या अर्थाने स्पोर्ट्स कार म्हणाव्यात अशा जुन्या गाड्या भारतात मुळातच थोड्या आहेत आणि त्यांतील बहुतेक ब्रिटिश आहेत. १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एमजीबी ही त्यांतील सर्वांत व्यवहार्य गाडी म्हणता येईल. तिचे १७९८ सीसीचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज कुळातील आहे, आणि याच कुळातील १४८९ सीसीचे इंजिन आपल्या अ‍ॅम्बॅसेडरमध्ये वर्षानुवर्षे होते. त्यामुळे ज्या जुन्या मिस्त्रीने अ‍ॅम्बॅसेडरचे पेट्रोल इंजिन उघडून बांधले आहे, त्याला एमजीबीचे इंजिन परके वाटत नाही. ट्रायम्फ स्पिटफायर हीदेखील १९६२ ते १९८० याच काळातील गाडी असून तिचा पाया ट्रायम्फ हेराल्डचा आहे, आणि हेराल्ड १९६१ पासून मद्रासमध्ये ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावाने बनत असे. पुढच्या चाकांची मांडणी, स्टिअरिंगचे अनेक भाग आणि इंजिनाचे कूळ यांबाबतीत या दोन गाड्यांचे जवळचे नाते आहे. देशातच बनलेली आणि तुलनेने अलीकडची गाडी हवी असेल तर १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात तयार होऊ लागलेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी छोटी गाडी आहे. तिची बॉडी फायबरग्लासची असल्यामुळे बॉडी गंजत नाही, मात्र खालची लोखंडी चौकट, म्हणजे चेसिस, गंजते, आणि वरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीखाली वाकून पाहण्याचे कष्ट म्हणूनच टाळू नयेत.

आता कागदांविषयी. आपल्या भागात जुनी गाडी अनेकदा वाड्याच्या पडवीत किंवा गोठ्याशेजारच्या खोलीत वर्षानुवर्षे उभी असते आणि तिचे आरसी बुक, म्हणजे नोंदणी पुस्तक, दिवंगत आजोबांच्या नावावर असते. अशा गाडीचा सौदा नातवाशी करून पैसे दिले म्हणजे गाडी आपली झाली असे होत नाही. आधी ती वारसाच्या नावावर फॉर्म ३१ भरून व्हावी लागते, इतर वारसांची संमती लागते, आणि त्यानंतरच फॉर्म २९ व ३० भरून ती खरेदीदाराच्या नावावर होऊ शकते. गाडी दुसऱ्या राज्यातून आणायची असेल तर तेथील आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्रही हवे. १९८९ पूर्वीच्या तीन अक्षरी नंबरांच्या कित्येक गाड्यांची नोंद संगणकीय प्रणालीत चढलेलीच नसते. ती आधी चढवून घ्यावी लागते आणि त्यासाठी मूळ पुस्तक वाचता येईल अशा अवस्थेत असणे आवश्यक असते. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर पुस्तकातील नोंदीशी स्वतः ताडून पाहावेत. ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकांत पेट्रोल परवडत नाही म्हणून असंख्य जुन्या गाड्यांमध्ये डिझेल इंजिने बसवली गेली. असा बदल पुस्तकात नोंदलेला नसेल तर पुढची प्रत्येक पायरी अडते. मूळ परदेशी गाडी असेल तर ती देशात रीतसर कशी आली याचा कागदही मागावा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांवर असलेली बंदी आपल्याकडे लागू नाही, पण नूतनीकरणाचे शुल्क मात्र बरेच वाढले आहे. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारीसाठी ते १०,००० रुपये आणि आयात केलेल्या मोटारीसाठी ८०,००० रुपये आहे. पर्यावरण कर आणि मुदत चुकल्याचा दंड वेगळा. गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी असेल तर २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार तिची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करता येते. त्याचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते, नंतरच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये पडतात. हा मार्ग स्वस्त दिसतो, पण त्याची अट नीट समजून घेतली पाहिजे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. ज्याला रविवारी सकाळी बायकामुलांना घेऊन कासला किंवा सागरेश्वरला जायचे आहे, त्याने साधी नोंदणी चालू ठेवणेच योग्य, असे माझे मत आहे.

कागद निर्दोष निघाले की गाडीखाली झोपून पाहण्याची वेळ येते. लोखंड, हवा आणि पाणी एकत्र आले की गंज धरतो, एवढे सर्वांना माहीत असते. गाडीचा पत्रा आतून का सडतो हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. जुन्या गाड्यांत मजबुतीसाठी पत्र्याच्या दोन-तीन घड्या एकमेकींवर ठेवून त्या ठिपक्याठिपक्यांनी वेल्ड केलेल्या असतात आणि त्यांतून बंद पेटीसारखे पोकळ भाग तयार होतात. दोन पत्र्यांच्या फटीत पाणी शोषले जाते, पोकळीत चिखल साठतो आणि तो आठवडेच्या आठवडे ओला राहतो. या पोकळ भागांना आतून रंग लावण्याची पद्धत त्या काळी फारशी नव्हती. तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो पत्र्यांना एकमेकांपासून ढकलतो, फट वाढते आणि आणखी पाणी शिरते. बाहेरचा रंग फुगून फोड दिसू लागतो तेव्हा आतला पत्रा बहुधा गेलेला असतो.

यात मिठाचा अंश असला तर गंजाचा वेग फार वाढतो, आणि म्हणून गाडीचे आयुष्य कोठे गेले हे विचारणे महत्त्वाचे आहे. मुंबई किंवा कोकणातील गाडी समुद्राच्या खाऱ्या हवेत राहिलेली असते. महाबळेश्वर, जावळी, पाटण या बाजूची गाडी चार महिने ओलीतून फिरलेली असते. एकट्या महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उलट माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांत उभी राहिलेली गाडी पत्र्याने अनेकदा चांगली निघते. उन्हाने तिचे रबर तडकलेले असते, कापडी छप्पर विरलेले असते आणि आसनांचे कातडे फाटलेले असते, पण या सर्व गोष्टी नव्या घालता येतात. दिसायला देखणी पण सागरकिनारी राहिलेली गाडी आणि दिसायला भकास पण दुष्काळी भागात राहिलेली गाडी यांतून निवड करायची वेळ आली तर दुसरी घ्यावी.

सांगलीच्या खरेदीदाराने आणखी एक तपासणी न चुकता करावी. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. २००५ आणि २०२१ मध्येही शहराने पूर सोसला. या पुरांत अनेक गाड्या दिवसेंदिवस पाण्याखाली राहिल्या आणि नंतर धुऊन, रंगवून विकल्या गेल्या. अशा गाडीची खूण वरून दिसत नाही. दरवाजाचे आतले पॅड काढावे, आसनाखालच्या रुळांना आणि स्प्रिंगांना गंज आहे का ते पाहावे, हेडलाइटच्या वाटीत आणि डॅशबोर्डमागच्या वायरिंगवर बारीक गाळाचा थर आहे का ते टॉर्च लावून बघावे. चेसिसच्या पोकळ भागात साठलेला गाळ छिद्रातून तार घालून उकरला की बाहेर येतो. गाळ सापडला तर ती गाडी सोडून द्यावी, किंमत कितीही कमी असली तरी.

पुट्टी, म्हणजे सडका पत्रा झाकायला रंगाखाली भरलेला लेप, ओळखण्यासाठी पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पुरेसे आहे. जेथे ते चिकटत नाही तेथे रंगाखाली पत्रा नसून पुट्टी किंवा फायबर आहे, असे समजावे. मडगार्डच्या कडा, दरवाजांची खालची बाजू आणि डिकीचा तळ येथे थोडी पुट्टी असणे क्षम्य आहे. दरवाजाखालच्या आडव्या पोकळ पट्टीत, जिला सिल म्हणतात, ती असणे क्षम्य नाही. एमजीबीला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच तिची चेसिस आहे. उघड्या गाडीला वर छप्परही नसते, त्यामुळे पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवण्याचे काम मुख्यत्वे या सिल आणि गाडीच्या मधोमध लांबीने जाणारा पत्र्याचा बोगदा करतात. एक सोपी चाचणी आहे. गाडी जॅकवर उचलावी आणि दरवाजा उघडून बंद करून पाहावा. तो अडकू लागला किंवा त्याची फट वरून अरुंद झाली, तर बॉडी मधोमध वाकते आहे, म्हणजे सिल कामातून गेल्या आहेत. स्पिटफायरला वेगळी चेसिस असली तरी तिच्या सिलवरही भार असतोच, आणि शिवाय चेसिसच्या बाजूला निघालेले हात सडतात, तेही पाहावे.

सिल बदलण्याचे काम आपल्याकडे होऊ शकते, पण करणाऱ्याला एक गोष्ट माहीत असलीच पाहिजे. जुनी सिल कापण्यापूर्वी दरवाजाच्या चौकटीत लोखंडी नळ्यांचे तात्पुरते आधार वेल्ड करून घ्यावे लागतात आणि गाडी समतल टेकवावी लागते, नाही तर कापताक्षणी बॉडी खाली बसते आणि नवी सिल वाकड्या अवस्थेतच वेल्ड होते. त्यानंतर दरवाजे आयुष्यभर नीट बसत नाहीत. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा तापून तरंगतो, म्हणून मिग वेल्डिंग असलेला आणि सडलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढण्याची तयारी असलेला कारागीर निवडावा. गंजावर गंज न काढता पट्टी मारणारा कारागीर स्वस्त पडतो आणि तीन पावसाळ्यांत दुप्पट खर्च करायला लावतो. एमजीबीच्या बाबतीत जमेची बाजू अशी की तिचे पत्र्याचे भाग आजही तयार होतात. १९८८ पासून तर इंग्लंडमध्ये तिची संपूर्ण बॉडीच नव्याने बनवली जाऊ लागली. मागवण्याचा खर्च आणि सीमाशुल्क जोडूनही हे भाग हाताने ठोकून बनवण्यापेक्षा अनेकदा परवडतात.

इंजिनाची परीक्षा थोडक्यात सांगता येते. ते थंड असताना चालू करायला सांगावे. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे. चालू करताच क्षणभर निळसर धूर आला तर व्हॉल्व्ह गाइड झिजल्या आहेत, जोर दिल्यावर सतत निळा धूर आला तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची आतली बाजू, म्हणजे बोअर, झिजले आहेत. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे, आणि पूर्ण तापल्यावरही पांढरी वाफ थांबत नसेल तर हेड गॅस्केटमधून पाणी आत शिरते आहे. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा दाबली जाते तेव्हाचा दाब, मोजून घ्यावे. आकड्यांत दहा टक्क्यांपेक्षा अधिक तफावत नसावी. यांतील प्रत्येक दोष दुरुस्त होतो, म्हणून त्यांचा उपयोग किंमत कमी करून घेण्यासाठी करावा.

गाडी घरी आल्यानंतरच्या देखभालीत आज सर्वांत मोठा प्रश्न पेट्रोलचा आहे. ज्या उसाच्या जोरावर आपले दोन्ही जिल्हे उभे आहेत त्यापासूनच बनणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळले जाते, आणि या गाड्या त्या इंधनासाठी बनलेल्या नाहीत. जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधील रबरी वॉशर त्याने फुगतात किंवा भुरभुरतात, आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळणे ही आग लागण्याची सर्वांत सोपी वाट आहे. म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सर्व नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या व्हायटॉन प्रकारच्या घालून घ्याव्यात, आणि हे काम गाडी घेतल्याबरोबर करावे. इथेनॉल हवेतील ओलावा ओढते. गाडी दोन-तीन महिने उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल टाकीच्या तळाशी वेगळे होऊन टाकी आतून गंजते. शिवाय इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असल्यामुळे कार्बोरेटरचे मिश्रण थोडे अधिक पेट्रोलाच्या बाजूला वळवून घ्यावे लागते. ते न केल्यास इंजिन चढावर तापते आणि ठोके देते.

शिसेयुक्त पेट्रोल देशभरात २००० च्या फेब्रुवारीपासून बंद झाले. शिसे हे जुन्या बिडाच्या हेडमधील व्हॉल्व्ह सीटना झिजेपासून वाचवत असे. त्यामुळे हेड कधी उघडलेच तर कडक धातूच्या एक्झॉस्ट सीट बसवून घ्याव्यात, एकदा केले की ती काळजी संपते. ऑइलबाबतही असेच आहे. नव्या गाड्यांसाठी बनणाऱ्या पातळ ऑइलमध्ये जस्ताची संयुगे कमी केलेली असतात, पण जुन्या इंजिनातील व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅम आणि टॅपेट या भागांना त्यांचीच गरज असते, म्हणून २०डब्ल्यू-५० दर्जाचे, जुन्या इंजिनांसाठीचे मिनरल ऑइल वापरावे आणि गाडी कमी चालली तरी वर्षातून एकदा बदलावे.

इंजिन तापते अशी तक्रार घेऊन गेले की काही मिस्त्री थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून फेकतात. तो उपाय नव्हे. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला पोहोचायला फार वेळ लागतो, पेट्रोल अधिक जाते आणि बोअर लवकर झिजतात. तापण्याचे खरे कारण बहुधा रेडिएटरमध्ये साठलेले क्षार असते, आणि जिल्ह्यांच्या पूर्व भागात बोअरवेलचे पाणी भरण्याच्या सवयीने ते लवकर साठतात. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर उघडून सळईने साफ करणारे कारागीर अजून मिळतात. तो साफ करून त्यात डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट यांचेच मिश्रण भरावे. पसरणी किंवा केळघरच्या घाटात एप्रिलच्या दुपारी गाडी चढवायची असेल तर ही तयारी हवीच.

घाट उतरताना ब्रेकची परीक्षा होते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, ओलाव्याने त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, आणि लांब उतारावर ब्रेक तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होऊन पेडल मऊ पडते. दर दोन वर्षांनी ते संपूर्ण बदलावे. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरावा, हा आपल्याकडच्या जुन्या ड्रायव्हरांचा नियम या गाड्यांना आजही तंतोतंत लागू पडतो.

काही गोष्टी त्या त्या गाडीपुरत्या असतात आणि त्या मिस्त्रीला आवर्जून सांगाव्या लागतात. स्पिटफायर आणि हेराल्ड यांच्या पुढच्या चाकांच्या खालच्या सांध्यात, ट्रनियनमध्ये, ग्रीस नव्हे तर गिअरबॉक्सचे ९० नंबरचे घट्ट ऑइल घालायचे असते. निपल दिसले की ग्रीसगन लावण्याची आपल्याकडच्या गॅरेजांची सवय आहे. ग्रीस आतल्या आट्यांपर्यंत पोहोचत नाही, आटे कोरडे गंजतात आणि एके दिवशी चालत्या गाडीचे पुढचे चाक आडवे होते. एमजीबीची पुढची चाके ज्या खुंट्यांभोवती वळतात त्या किंगपिनना मात्र ग्रीसच लागते, आणि तीही वारंवार. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, आजच्या गाड्यांच्या नेमके उलट. हे न पाहता नवी बॅटरी किंवा चार्जर जोडला तर नुकसान होते, म्हणून बॅटरीजवळ ठळक अक्षरांत तसे लिहून ठेवावे. तारांच्या चाकांची गाडी असेल तर ती थोडी पुढे-मागे करून पाहावी; चाकातून ‘टक’ असा आवाज आला तर हबचे दाते झिजले आहेत. टायरच्या बाजूवरील चार आकडी शिक्का वाचावा, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. नक्षी कितीही चांगली दिसली तरी दहा वर्षांपुढचे टायर घाटात नेऊ नयेत.

खर्चाचा अंदाज करताना, खरेदीच्या किमतीच्या निम्मी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवावी. विमा उतरवताना पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत मालक आणि कंपनी यांनी परस्परसंमतीने ठरवायची असते. त्यामुळे छायाचित्रे आणि खर्चाच्या पावत्या जपून ठेवल्या तर योग्य किंमत मागता येते.

पावसाळ्यात गाडी चार महिने पूर्ण बंद ठेवणे चुकीचे आहे. उघडीप मिळेल त्या आठवड्यात ती बाहेर काढून इंजिन व्यवस्थित तापेपर्यंत, म्हणजे निदान पंधरा-वीस किलोमीटर चालवावी, कारण नुसते जागेवर चालू करून बंद केल्याने सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणीच साठते. प्लॅस्टिकचे आवरण घालू नये, त्याखाली ओल कोंडते; जाड सुती कापड आणि हवा खेळती राहील अशी शेड बरी. टाकीत पेट्रोल थोडेच आणि ताजे ठेवावे. हँडब्रेक ओढून ठेवू नये, कारण ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात. चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. दसऱ्याच्या सुमारास गाडी पुन्हा नियमित काढताना ब्रेक ऑइलची पातळी, चाकांमागची गळती आणि पेट्रोलच्या नळ्या हाताने तपासाव्यात, पहिली फेरी सपाट रस्त्यावर मारून ब्रेक चारही चाकांना सारखे लागतात याची खात्री करावी, आणि त्यानंतरच ती घाटाला लावावी.